ध्यान शिकायला किती पैसे लागतात? जळगाव-धुळ्याच्या वाचकांसाठी हिशेब

ध्यानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "त्याला काय लागतं? डोळे मिटायचे नि बसायचं." दुसऱ्याने मोबाइलवर कुठल्याशा शिबिराची जाहिरात पाहिलेली असते आणि तो आकडा वाचूनच त्याची शांती गेलेली असते. पहिल्याला वाटतं खर्चच नाही, दुसऱ्याला वाटतं हे आपल्या ऐपतीबाहेरचं. खान्देशात राहणाऱ्याला या दोघांच्या मधली माहिती हवी असते: शिकवणारा किती घेतो, जायला-यायला किती लागतात, घरच्या कमाईत किती खाडा पडतो, आणि उद्या फसवणूक झाली तर कोणाचं दार ठोठावायचं. असोद्याच्या बहिणाबाई मनाविषयी काय सांगून गेल्या ते इथे आठवणं साहजिक आहे, पण आजचा विषय खिशाचा आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. जळगाव, धुळे आणि आसपासच्या तालुक्यांत ध्यान शिकण्याचे जे मोठे, रुळलेले मार्ग आहेत, ते जवळजवळ सगळे विनाशुल्क आहेत. विपश्यना, ब्रह्माकुमारींचा राजयोग, सहजयोग, हार्टफुलनेस, दिंडोरी प्रणीत स्वामी समर्थ केंद्रांतला जप, गावच्या मंदिरातला हरिपाठ, यांतल्या कशालाही प्रवेश फी नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिले तीन महिने शिकण्यासाठी एक रुपयाही मोजू नका. रोज वीस मिनिटं बसणं आपल्याला जमतं का, हे आधी कळू द्या. वर्षाचं शुल्क भरून फेब्रुवारीत वर्ग सोडणारे दर गल्लीत आहेत. शुल्क भरल्याने शिस्त येते, असं क्लासवाले सांगतात. त्यांनी ते सांगायलाच हवं.

पैशांशिवाय हे शिकवण्याची परंपराही याच मातीतली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी पोचली. सहाव्या अध्यायाचं, म्हणजे ध्यानयोगाचं प्रवचन २७ मार्चला झालं. त्यात विनोबांनी ध्यानासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि सम दृष्टी. यांतली एकही विकत मिळत नाही आणि मधली, खाण्या-झोपण्यातलं माप, तर उलट खर्च वाचवणारी आहे. त्या वर्गाला शुल्क नव्हतं. प्रवेशासाठी सत्याग्रह करून तुरुंगात जावं लागत होतं, एवढीच अट. तिकडे अमळनेरला प्रताप शेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, तिथे तर चिंतन करणाऱ्या अभ्यासकांनाच शिष्यवृत्ती दिली जाई. साने गुरुजी १९२३ मध्ये अमळनेरला आले ते याच मंदिरात शिकायला.

विपश्यना: शुल्क शून्य, खाडा बारा दिवसांचा

या मार्गावर जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न याच्याबद्दल असतात. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये भारतात पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र उभं राहिलं. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की इगतपुरीला गेलंच पाहिजे असं नाही. धुळ्याजवळ डेडरगाव जलशुद्धीकरण केंद्रापाशी, तिखीच्या शिवारात ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. शिकवणी सगळीकडे सारखीच असते. इगतपुरीचं नाव मोठं म्हणून तिकडचीच तारीख मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

दहा दिवसांच्या शिबिरात राहणं, साधं शाकाहारी जेवण-नाश्ता आणि शिकवणी, कशाचेही पैसे घेत नाहीत. शिकवणारे आचार्य आणि स्वयंपाकघरात राबणारे सेवकही मानधन घेत नाहीत. हा सगळा खर्च आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानातून चालतो. ज्याने एकही दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याच्याकडून दान घेतलंच जात नाही. शिबिर संपल्यावर इच्छा असेल तर पुढच्या माणसासाठी द्यायचं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: "जागा राखून ठेवतो, अमुक रुपये पाठवा" असं विपश्यनेच्या नावाने कोणी सांगितलं, क्यूआर कोड पाठवला, तर ती फसवणूक आहे. नोंदणी धम्म डॉट ओआरजी या संकेतस्थळावरून स्वतः करायची असते, तीही मोफत. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासाभरात फोन करा.

मग खर्च कुठे येतो? प्रवासात थोडा आणि खाड्यात खूप. दहा दिवसांचं शिबिर म्हटलं तरी आदल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते. पंचांगातल्या बारा तारखा जातात. पगारी माणसाचं रजेवर भागतं. रोजाने जाणाऱ्याचं काय? २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता; त्या किमान हिशेबानेही बारा दिवसांचे ३,७४४ रुपये बुडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोमागे मजुरी घेणाऱ्या बाईचं किंवा केळीच्या गाड्या भरणाऱ्या गड्याचं नुकसान याहून जास्त. ‘मोफत’ शिबिराची खरी किंमत ही आहे आणि ती कोणत्याच पत्रकावर छापलेली नसते. शेतीवाल्याने वेचणी आणि पेरणी टाळून तारीख निवडावी. मे महिना रिकामा वाटतो, पण तेव्हा शिक्षक मंडळींची गर्दी असते आणि उन्हाचा पारा आपल्याकडे काय करतो ते सांगायला नको. पेरणी उरकल्यावर किंवा संक्रांतीनंतर बरं.

राज्य सरकारी नोकरीत असाल तर २००३ च्या शासन निर्णयानुसार विपश्यनेसाठी परिवर्तित रजा मागता येते. अर्ज करण्याआधी आस्थापना शाखेत जाऊन रजेचं खातं बघून घ्या. परिवर्तित रजेत पगार पूर्ण मिळतो, पण घेतलेल्या दिवसांच्या दुप्पट अर्धवेतनी रजा खात्यातून वजा होते. ज्याची निवृत्ती जवळ आहे किंवा घरात कोणाचं आजारपण आहे, त्याला हे दिवस पुढे लागू शकतात.

प्रवासाचं पाहू. जळगाव ते धुळे साधारण ९५ किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर एसटीच्या साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा १०.०५ रुपयांचा झाला, त्या हिशेबाने तिकीट १६० रुपयांच्या आसपास बसतं. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. धुळे बसस्थानकापासून केंद्रापर्यंत रिक्षाचं भाडं आधी ठरवा, आणि त्याच शिबिराला निघालेलं कोणी बॅग घेऊन उभं असेल तर वाटून घ्या. इगतपुरीलाच जायचं असेल तर जळगावहून रेल्वे थेट आहे, अंतर सुमारे २८५ किलोमीटर, शयनयानाचं तिकीट एका बाजूला दोनशेच्या घरात. धुळेकरांना थेट गाडी जमली नाही, तर चाळीसगावला गाडी बदलता येते. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे साठी ओलांडलेल्यांना अनेकदा एसटीने धुळंच परवडतं.

सोबत न्यायचं ते घरात असतंच: सैल कपडे, चादर, विजेरी, डासांचं मलम, नेहमीची औषधं. फोन जमा करावा लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं. पहाटे चारला उठवतात, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक होते, रात्री नऊ-साडेनऊला दिवे मालवतात. नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं किंवा चुरमुऱ्यासारखा हलका खाऊ, त्यानंतर जेवण नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी हे अर्जातच लिहायचं आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. अर्धवट सोडून यायची वेळ येऊ नये, कारण गेलेले दिवस कोणी परत देत नाही.

बारा दिवस नसतील तर

ब्रह्माकुमारींची केंद्रं जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत आहेत. त्यांचा राजयोगाचा प्राथमिक पाठ सात दिवसांचा, रोज साधारण तासभर, आणि विनामूल्य असतो. नोकरी सांभाळून होतो हा मोठा फायदा. दानाची पेटी असते, सक्ती नसते. त्या पाठात त्यांची स्वतःची शिकवण, सृष्टिचक्र वगैरे, बरीच येते. फक्त शांत बसायला शिकायचं असेल तर काहींना ते जड जातं. आधी एक दिवस जाऊन ऐकावं.

सहजयोगाची सुरुवात निर्मलादेवींनी ५ मे १९७० रोजी गुजरातेतल्या नारगोळला केली. आत्मसाक्षात्कारासाठी पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांचा दंडक होता आणि साप्ताहिक केंद्रं आजही त्याच पद्धतीने चालतात. हार्टफुलनेसचे प्रशिक्षकही शुल्क घेत नाहीत. बहुतेक वेळा एखाद्याच्या घरी किंवा शाळेच्या सभागृहात बैठक भरते, त्यामुळे पाटी शोधत फिरण्यापेक्षा संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकलेलं बरं.

स्वामी समर्थ केंद्राविषयी इथे कोणाला काही सांगायची गरज नाही. माळ घेऊन जप करणं हेही एकाग्रतेचंच साधन. केंद्रात बसायला पैसे लागत नाहीत. लागतात ते सप्ताहाच्या वर्गणीला, पारायणाच्या प्रसादाला, सेवेच्या साहित्याला. ते ऐच्छिक आहे हे शेजारच्या काकूंच्या आग्रहापुढे विसरायला होतं. हरिपाठाचंही तसंच. मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालणारी मुक्ताईची पालखी हा मात्र वेगळा खर्च आहे. दिंडीत नाव घालताना भिशी किती आणि तीत मुक्काम-जेवण काय येतं, हे विणेकऱ्याला किंवा दिंडीप्रमुखाला आधीच विचारून घ्यावं. विचारल्याने भक्ती कमी होत नाही.

दरवर्षी २१ जूनला योगदिन असतो आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२४ पासून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला आहे. या दोन तारखांच्या आसपास बऱ्याच संस्था खुली सत्रं घेतात. चव बघायला ही चांगली वेळ. फक्त तिथे भरून घेतात त्या फॉर्मवर फोन नंबर लिहिण्याआधी विचार करा. पुढचे सहा महिने ‘फक्त दोन जागा शिल्लक’ असे संदेश येत राहतात.

पैसे भरूनच शिकायचं असेल तर

यात काही गैर नाही. शिकवणाऱ्याचं घर चालायला हवं, आणि गुडघे दुखत असताना कसं बसावं हे समोर बसून दाखवणारा चांगला शिक्षक पैशांना महाग नाही. आपल्याकडच्या शहरांत खासगी योग-प्राणायाम वर्गांचं मासिक शुल्क साधारण पाचशेपासून दीड हजारापर्यंत ऐकायला मिळतं. घरी येऊन शिकवणारे त्याहून बरंच जास्त घेतात. पद्धतशीर अभ्यास करायचा असेल तर जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात योग आणि निसर्गोपचाराचा सोहम विभाग आहे. तिथली फी अभ्यासक्रमाची, पावतीसह आणि परीक्षेसह.

आर्ट ऑफ लिव्हिंगचं सुदर्शन क्रियेचं शिबिर आणि ईशाचं इनर इंजिनिअरिंग हे सशुल्क कार्यक्रम. त्यांचा दर ऑनलाइन की प्रत्यक्ष, निवासी की अनिवासी, यावर ठरतो. भरण्याआधी एकच हिशेब मांडायचा: एकूण रक्कम भागिले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास, आणि त्यानंतरचा पाठपुरावा फुकट आहे की त्याचीही तिकीटं आहेत. पहिला टप्पा स्वस्त आणि दुसरा-तिसरा महाग अशी उतरंड बऱ्याच ठिकाणी असते. पहिल्याच दिवशी पुढच्या टप्प्यांचे दर लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर वही मिटून घरी या.

बिलावर जीएसटी लावला असेल तर दोन गोष्टी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगवर्ग, व्यायामशाळा यांसारख्या सेवांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्याच दराने कोणी आकारत असेल तर हटका. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, त्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नसेल, तर त्याला हा कर लावताच येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसताना ‘अधिक कर’ लिहिलेलं असेल, तर तो कर सरकारकडे जाणार नाही हे उघड आहे.

ॲपचं सांगायचं तर फुकट पुष्कळ आहे. ‘सात दिवस मोफत’ घेताना यूपीआय ऑटोपे मंजूर होतं आणि आठव्या दिवशी वर्षाची वर्गणी कापली जाते. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथून ती परवानगी रद्द करा. फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.

सामानावर खर्च करू नका. घरची सतरंजी चौघडी करून खाली, कंबर उंच राहावी म्हणून उशी किंवा पाट. धनगराची घोंगडी असेल तर हिवाळ्याचं काम झालं. गुडघ्यांचा त्रास असेल तर साधी खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. एकमुखी रुद्राक्ष, ‘सिद्ध केलेली’ स्फटिकमाळ, ऊर्जा देणारी पट्टी यांची ध्यानाला गरज नसते, आणि एकमुखी म्हणून विकलं जाणारं बरंचसं कोरलेलं किंवा जोडलेलं असतं. कोणी चमत्काराच्या दाव्याने पैसे उकळत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड.

औषध बंद करू नका

ध्यानाने बीपी जातं, साखर जाते, डिप्रेशन पळतं, असं छातीठोक सांगणारे भेटतात. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, साडेतीन हजारांवर माणसांचा. चिंता, उदासी, वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फरक पडतो, पण औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. तेव्हा गोळी चालू ठेवूनच बसायचं. ज्याला आधी तीव्र मानसिक आजार होऊन गेला आहे, त्याने दहा-दहा तासांच्या बैठकीचं शिबिर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय धरू नये. झोप उडाली आहे, जीव नकोसा वाटतो, अशी अवस्था असेल तर ध्यानाच्या आधी १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीत, मोफत. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागही आहे, तिथला केसपेपर कोणत्याही सशुल्क शिबिरापेक्षा स्वस्त.

दान, पावती आणि तक्रार

मोफत शिकवणाऱ्यांना काही द्यावंसं वाटणं चांगलंच. दानावरची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. दोन हजारांवरचं दान रोख दिलं तर सवलत गेली, म्हणून चेक किंवा यूपीआय. पावतीवर संस्थेचं नाव, पॅन आणि नोंदणी क्रमांक पाहा, आणि वर्षअखेरीनंतर दानाचं प्रमाणपत्र मागून घ्या. शिबिराचं शुल्क घेऊन ‘देणगी’ म्हणून पावती फाडणारे असतात. ते टाळावं, आणि त्याचं कारण कराच्या पलीकडचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फुकट मिळालेली सेवा ‘सेवा’ धरली जात नाही. म्हणजे दानावर चालणाऱ्या शिबिरात जेवण आवडलं नाही, तर तुम्ही ग्राहक नाही. व्यवस्थापकाला सांगायचं आणि पुढे जायचं. पण शुल्क भरलं असेल, तर तुम्ही पक्के ग्राहक. वर्ग रद्द झाला, सांगितलेला शिक्षक आलाच नाही, निवासी म्हणून पैसे घेऊन दहा जणांना एका खोलीत कोंबलं, तर परतावा मागता येतो. त्याच शुल्काला तुम्ही ‘देणगी’ची पावती घेऊन बसला असाल, तर समोरचा आयोगापुढे तेच कागद दाखवेल. म्हणून पावतीवर ‘शुल्क’ हाच शब्द, सोबत कार्यक्रमाचं नाव, तारखा आणि रद्द केल्यास किती परत मिळणार याची अट.

आधी संस्थेला लेखी पत्र किंवा ईमेल, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, जो जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. संस्था बंगळुरूची असो की ऋषिकेशची, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे रावेरच्या माणसाने जळगावला आणि शिरपूरच्या माणसाने धुळ्याला. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याचा संदेश आणि पावती एवढे तीन कागद पहिल्याच दिवसापासून एका पाकिटात ठेवा.